मुशा

फोगार्टी मेस्त्रींचं रेडिएटरचं दुकान
कॅम्पात, मासळी बाजाराच्या मागल्या बोळात.
पाटीवर तीन लिप्या, तिन्हींत नाव वेगवेगळं चुकलेलं.
समोर छत्रीखाली मी, माझा टाइपरायटर:
अर्ज, प्रतिज्ञापत्र, वारसा, नावात बदल,
कन्नडातून मराठीत, मराठीतून इंग्रजीत,
पानाला तीस रुपये.

म्हणून वकिलातीतली ती बाई आली तेव्हा
मेस्त्रींनी मलाच हाळी दिली,
"जरा या की हिकडं. काय विचारुलाली बघा."
इंग्रजी त्यांना येतं, गॅरेजपुरतं.
तिचं इंग्रजी नदीतल्या गोट्यांसारखं,
टोकं झिजून गोल झालेली.

तिच्या सरकारला आपली माणसं हवी होती,
जगभर सांडलेली.
बटाटा कुजला म्हणून बोटीत बसलेली,
पगार मिळतो म्हणून दुसऱ्याच्या राजाची पलटण धरलेली,
मेस्त्रींच्या नालबंद पणज्यासारखी,
जो खेचरांचे खूर तासत इथवर आला
आणि इथंच कुणाचा तरी जावई झाला.

सरकार आधी मोजतं, मग आठवतं.
आधी रकाने येतात,
मग सणाला पत्र, छापील सहीचं,
मग कॉलरला लावायची हिरवी पिन.
वाईट काही नाही त्यात.
तिनं पिन दिली तेव्हा मेस्त्रींनी
आधी हात पुसले, दोन्ही बाजूंनी.

"आयरिश असं काय उरलंय तुमच्याकडं?"
मेस्त्री आठवत राहिले.
कबरीचा दगड कुणी धुण्याला नेला.
फोटो आत्तीनं पर्थला नेले.
घरात मराठी, शेजाऱ्यांशी कन्नड,
देवाशी कोंकणी.
"न्हाई हो बाई. लिवा, काय न्हाई."
आणि पुन्हा वाकले बॉनेटखाली.

नट गंजलेला. पाना निसटला.
"मुशा!" म्हणाले ते, नेहमीसारखं,
आणि आतून इम्तियाज म्हणाला "मुशा, मामा, तेल घाला की",
आणि टायरवर बसलेला बसवराज नुसताच, "मुशा."

बाईचं पेन थांबलं.

आम्हाला वाटायचं हा शब्द कानडी.
कानडी लोकांना वाटायचं मराठी.
इम्तियाजच्या आजीची पैज होती की फारसी.
तिची आजी म्हणायची म्हणे हा शब्द,
दूध उतू गेलं की,
कुणी मेल्याचं कळलं की,
आणि उगाच, चुलीसमोर.
बोलताना ती दोनदा दिल्लीचा पत्ता चुकीचा सांगून गेली.

फॉर्म मी टाइप केला, नऊ पानं.
मेस्त्री म्हणाले, पोरांचीपण नावं घाला.
मी म्हटलं, रक्ताचं नातं विचारलंय.
ते म्हणाले, "शब्द कुणी सांभाळला मग?"
असला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, पेन्सिलीनं:
इम्तियाज, बसवराज, परशराम.
कुणी पुसलं असेल तर पुसलं असेल.

मला काय, मीही रकान्यातलीच.
घाटापलीकडचं सरकार माझीही आठवण ठेवतं:
दाखला, कोटा, विम्याचं कार्ड,
दरसाल नवा शिक्का.
गुरुवारी सात दहाच्या गाडीनं शिनोळीला गेले,
हद्दीपासून चार पावलांवरच्या खिडकीशी.
मागच्या वर्षीचा कागद चालत नाही म्हणाला.
मराठी असल्याचा नवीन पुरावा आणा.
मी पिशवी उपसली. रेशनकार्ड, शाळेचा दाखला,
आईचं लग्नपत्र, सगळं कन्नडात किंवा वाळवीत.

"मुशा," म्हणाले मी.

त्यानं चष्म्यावरून बघितलं.
"ही कुठली भाषा?"

मागं रांग होती. ऊन पायावर आलं होतं.
"आमच्याकडची," म्हटलं,
आणि पुढचा कागद शोधायला लागले.