सोळावं फडकं

मी विकायचो ते यंत्र चकचकीत होतं, कपाळावर दिवा असलेलं.
यॉर्कटनच्या आसपास, हिवाळाभर, दारोदार.
साल एकाहत्तर. गाडीतला हीटर अर्धमेला,
आणि तोंडात कंपनीनं घोकून घेतलेलं वाक्य:
मॅडम, तुमचं घर स्वच्छच आहे, मी फक्त दाखवतो.

युक्ती साधी.
नळीच्या तोंडाशी पांढरं गोल फडकं बसवायचं,
गालिच्यावर दहादा पुढे-मागे,
मग ते काढून तिथेच मांडायचं. शेजारी दुसरं.
सातव्या फडक्याला घरची बाई लाल व्हायची.
दहाव्याला नवऱ्याकडे बघायची.
बाराव्याला मी हप्त्यांचा कागद काढायचो.
लाजेवर माझं पोट भरत होतं.
तेव्हा त्याला मी कमिशन म्हणायचो.

स्टेफानिया ह्रिन्किव्ह म्हणाल्या,
"आज सकाळीच फिरवलंय."
मी मनात म्हटलं, वा. असंच गिऱ्हाईक हवं.

कॅटलॉगमधून मागवलेला गालिचा,
मरून, कडेला गुलाब, मधोमध झिजलेली वाट,
खुर्चीपासून खिडकीपर्यंत.
त्यावर मी सोळा फडकी मांडली,
पाहुणे न आलेल्या पंगतीतल्या ताटांसारखी,
प्रत्येकात करडा ढीग.

त्या लाजल्या नाहीत.
चष्मा लावून गुडघ्यांवर बसल्या,
चिमूट उचलून बोटांत चोळली, हुंगली.
"हे मीठ, रस्त्यावर टाकतात ते.
हे केस कुत्रीचे. ईस्टरला गेली ती.
ही फिकट, गावातली.
आणि ही काळी..."
इथे जरा थांबल्या.
"ही आमची. तळ्याकाठच्या तुकड्यातली.
शेत विकून चार वर्षं झाली की."

मग माझ्याकडे वळून,
"तू फार घाई करतोस रे. ढकलत सुटतोस.
ओढायचं असतं. सावकाश. आधी उभं, मग आडवं.
वरची धूळ पाहुणी, ती आपणहून जाते.
वाळू म्हणजे घरजावई, मुळाशी ठाण मांडून बसते,
आणि आपण चाललो की आतून लोकर कापते.
कोट घाल."

उणे सत्तावीस होतं बाहेर.
गुंडाळी मी खांद्यावर घेतली, त्यांनी शेपूट धरलं.
मागच्या अंगणात कुणी न तुडवलेला बर्फ.
गालिचा पालथा घातला.
त्यांच्या हातात वेताची थापटणी, माझ्या हातात झाडूचा दांडा.
त्या मारत होत्या तालात, कसलाही राग नसताना.
मी मारत होतो माझ्या बॉसला.

उचलला तेव्हा खाली पडलेला दिसला
एक तपकिरी चौकोन, आठ बाय दहा,
माझ्या यंत्रानं नुकत्याच स्वच्छ ठरवलेल्या गालिच्याचा.
पितळ उघडं पडतं म्हणतात,
माझं बर्फावर पडलं.
एक पाऊल सरकून पुन्हा. दुसरा चौकोन, चहाच्या रंगाचा.
तिसरा, दुधाळ.
चौथ्याला फक्त बर्फ, आणि आमचे श्वास.

यंत्र विकलं गेलं नाही, हे सांगायला नको.
बीटचं सूप मिळालं. नाक वितळेपर्यंत बसलो.
तोवर त्यांनी माझी फडकी धुऊन
चुलीवरच्या तारेवर वाळवली, घडी घातली.
गाडीत बसून मोजली तर पंधरा.
परत जाऊन विचारता आलं असतं.
इंजिन तापेस्तोवर तिथेच थांबलो,
स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या.

आता सस्काटूनमध्ये चौथा मजला, एकच खोली,
गालिचा घरमालकाचा, ओटमीलच्या रंगाचा.
पाठ साथ देत नाही, तरी रविवारी काढतो यंत्र.
आधी उभं, मग आडवं. ओढत.
मुलगी म्हणते, बाबा, दिसत तर काहीच नाही.
मी तिला हातानं गप्प करतो.
नळीत एक दाणा खडखडतो,
थांबतो.
मी त्याच पट्ट्यावरून पुन्हा मागे येतो.