उजवा कान

सुमारलिदी यायचा असला की ऑड्नीला झोप येते.
साधीसुधी नाही. भांडं घासता घासता
हात पाण्यातच राहतात, मान कलते,
खांद्यावर कुणी ओलं घोंगडं टाकावं तशी.
"निघाला वाटतं," ती पुटपुटते
आणि कॉफीचं आधण ठेवते.
वीसेक मिनिटांनी खालच्या वळणावर
त्याच्या ट्रकचा एकच दिवा दिसतो.
दुसरा मेंढ्याने फोडलेला, गेल्या हिवाळ्यात.

इथे प्रत्येकाच्या पुढे त्याचं काहीतरी चालत येतं.
पाद्रीणबाईंच्या आधी चमचा पडतो.
मीटरवाल्याच्या आधी मांजर कपाटामागे जातं.
आणि बहीण, हॉल्मफ्रीदुर, येणार असली की
ऑड्नी विनाकारण माझ्याशी भांडते,
मग दार वाजतं, मग आम्ही दोघी हसतो.
हे सगळं ती फ्योर्डवरचा वारा सांगावा तसं सांगते:
आवाज न उतरवता, बटाटे सोलत.

मी पोलंडहून आले, मासळीच्या कारखान्यात
कॉडच्या मांसातले काटे उपसायला.
वरची खोली तिची, भाडं तीस तारखेला.
माझ्या गावात असल्या गोष्टींसाठी
आत्या मेणबत्ती लावून बसायची, आगाऊ पैसे घेऊन.
म्हणून मी आधी हसले.
मग वजनाच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर
दोन रकाने आखले.

अकरा आठवडे. झोप एकोणतीस वेळा.
सुमारलिदी सतरा वेळा.
"बाकीच्या बारा?"
"त्या म्हातारपणाच्या."
"आणि झोप न येताच आला, तो मंगळवार?"
"तेव्हा तो कुठे आला होता? प्यायला होता तो."

असं असलं की हिशोब कसा ठेवायचा!
पण लिहायचं म्हणून मी बघायला लागले होते.
ट्रक दिसण्याआधी कुंपणावरचा डोमकावळा उडतो.
वारा पडलेला असला की
पलीकडच्या काठावरची खडी पाण्यावरून इकडे येते,
इतकी बारीक, की कानाला कळायच्या आत
मानेला कळावी.
तेच असेल. किंवा नसेल.
भर वाऱ्यातही तिची मान कललेली मी पाहिली आहे.

फेब्रुवारीत घाट तीन दिवस बंद होता.
दुसऱ्या दुपारी तिचे हात पाण्यात थांबले.
तिने तीन कप मांडले, तिन्ही भरले.
खिडकीबाहेर नुसतं पांढरं.
तिसऱ्या कपावर साय धरली, मग तो गार झाला,
मग तिने तो शांतपणे मोरीत ओतला.
"नाही आला," मी म्हटलं, जरा जिंकल्यासारखं.
"निघाला तर होता," ती म्हणाली.

नंतर तो आला तेव्हा मी त्याला विचारलं नाही.
विचारणार होते. तो बूट काढत होता,
तळहातांना फावड्याचे ताजे फोड होते,
पण फावडं काय, त्या आठवड्यात सगळ्यांनीच मारलं.
पावतीवर त्या दिवसापुढे
दोन्ही रकाने मी कोरे सोडले.

एकदा धीर करून विचारलं,
"माझ्या पुढे काय येतं?"
तिने बराच वेळ आठवल्यासारखं केलं.
"पहिल्या दिवशी? काहीच नाही.
तू दार वाजवलंस तेव्हा दचकले होते मी.
एवढ्या लांबून आलेलं माणूस,
आणि पुढे कुणीच नाही."
मग सोलाणं बाजूला ठेवून,
"आता उजवा कान खाजतो."

पाळी संपते पाचला. हातांना खारट वास,
बोटं अजून काटे शोधत असतात.
बर्फावरून घरापर्यंत चौदा मिनिटं, भराभर चालले तर.
कान खाजवणारी एक बाई
आत्ता उठून आधण ठेवत असेल,
किंवा नसेल, रेडिओ ऐकत असेल.

मी मुद्दाम हळू चालते.
पाणी उकळायला वेळ लागतो.