ट्रे

बटण दाबलं की हिरवा दिवा लुकलुकतो,
आत काहीतरी खर्रर्र वळतं, टक् टक्,
आणि गप्प.
ट्रे उघडत नाही.

डिस्क आत आहे.
बाहेर तिचं रिकामं पाकीट, त्यावर आल्हाटांचं अक्षर:
'कुंभारी शब्द. अंतिम. हीच घ्यावी.'
आल्हाटांना जाऊन चार वर्षं झाली.
दुसरी आवृत्ती काढायची म्हणून
भडसावळे मास्तरांची मुलगी दर सोमवारी फोन करते,
आणि मी दर सोमवारी सांगते, बघते.

बघितलं ते असं:
मशीन बंद करून परत चालू केलं.
मागच्या वायरी काढून, फुंकून, परत खोचल्या.
कॅबिनेटला डाव्या अंगानं एक चापट दिली,
जी दोन हजार सहा साली लागू पडायची.
स्क्रीनवर सी होता, डी होता,
ई नव्हता.
मी त्याच्यावर हात ठेवून उभी,
आणि यंत्राच्या मते तो नाहीच.
वायर बदलली तेव्हा ई आला, आणि म्हणाला,
कृपया डिस्क घाला.
अरे, पोटात काय आहे मग तुझ्या?

तपकीर गल्लीत शकूर बागवान म्हणाला,
मावशी, नवा घ्या, हजारात येतो, बाहेरून जोडायचा.
म्हटलं, जुन्यानं गिळलंय त्याचं काय?
त्यानं बिलांच्या गठ्ठ्याची यू-पिन काढली,
उलगडून सरळ केली,
"खाली बारीक भोक असतं. सरळ आत. जोर नाही लावायचा.
लागलं की कळतं."
पैसे घेतले नाहीत.

गुरुवार होता, म्हणजे लाइट नव्हती.
हे काम तसंही लाइट नसतानाच करायचं.
नारायण पेठेतल्या माझ्या एकुलत्या खिडकीशी
मांडीवर ड्राइव्ह घेऊन बसले,
अठ्ठावन्न वर्षांच्या डोळ्यांनी भोक शोधलं.
पिन गेली. लागलं. कळलं.
'आ करा' म्हटल्यावर जीभ येते
तेवढाच ट्रे बाहेर आला,
उरलेला मी ओढला.

डिस्कवर पीठ.
खाली रासकरांची गिरणी. ज्वारी, बाजरी, श्रावणात भाजणी,
वीस वर्षं सकाळी माझ्याआधी जिना चढणारं पीठ.
भिंगावर तर साय धरलेली.
कापूस, स्पिरिट, अगदी हलक्या हातानं.
डिस्क पुसली मधून कडेकडे, सरळ;
गोल फिरवायचं नाही, हे आल्हाटांनीच शिकवलेलं.
रबरी पट्टा वाळून सैल पडला होता,
तो चहाच्या पातेल्यात दोन मिनिटं उकळला.
आकसला. बसला.
(पातेलं घासलं. दोनदा.)

लाइट आली साडेचारला.
डिस्क फिरली. फाइल उघडली,
आणि पानभर नुसता भुगा:
इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, चौकोनी कंस.
तो फॉन्ट आता कुठल्याच मशीनवर नाही.

मग कळफलकावर बोटं ठेवली.
डोळ्यांना जो कंस दिसत होता
त्या कळीवर करंगळी गेली की ती सांगायची, काना.
हा ग. हा अर्धा त.
एकेक ओळ अशी बोटांनी वाचत गेले,
अंधारात जिना उतरावा तशी.

शेवटच्या पानाच्या खाली, छापलं न गेलेलं,
आल्हाटांनी टाइप केलेलं काहीतरी होतं:
'पान एकेचाळीस. मास्तरांनी भट्टी लिहिलं आहे.
कसब्यातले कुंभार आवा म्हणतात. आपलं राहिलं.
पुस्तक बांधून झालं. तरी दुरुस्त करावं.'

फाइल उतरवून घेतली. पान एकेचाळीसवर गेले.
भट्टी खोडली, न बघता दोन अक्षरं मारली.
स्क्रीनवर उमटलं भलतंच काही, एक कंस, एक आकडा.
असू दे. आवाच आहे तो.

डिस्क काढायला बटण दाबलं.
हिरवा दिवा. खर्रर्र. टक्.
यू-पिन कुठे ठेवली मी?