तारांकित रकाना

नियम मीच लिहिला होता, पुण्यातल्या खोलीत,
रात्री दीडला, गार झालेल्या चहासोबत:
होडीला इंजिन असेल तरच
इंजिनचा नंबर सक्तीचा.
नसेल तर तो रकाना दिसणारही नाही.
सहा वेळा तपासला,
खोटी नावं टाकून, खोट्या होड्या टाकून.
बरोबर चालला.

आता सर्जेकोटच्या सोसायटीत
पंखा बंद, खिडकीतून सुक्या बांगड्याचा वास
आणि समोर भिकाजी मेथर,
टोपी मांडीवर, पोटऱ्यांवर सुकलेली वाळू.
"इंजिन आहे?"
"आसा."
मी 'होय'वर टिचकी मारली.
लाल तारा उगवला.
"नंबर सांगा."
"पण आज नाय. आज सोमवार."

मग कळत गेलं.
इंजिन एक, होड्या दोन.
सोमवार ते बुधवार धाकट्या अर्जुनाकडे,
गुरुवारपासून ह्यांच्याकडे,
रविवारी कोणाकडेच नाही.
"ता पण दमता."
आठ वर्षं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.
बुधवारी काळोख पडला की इंजिन
गोणपाटात गुंडाळून
सुरूच्या बुंध्याशी ठेवलेलं असतं.
टाकी अर्धी भरलेली.
रिकामी कधीच नाही, दोघांकडूनही.

माझ्या नियमाला वार माहीत नव्हते.
एक नंबर एकाच होडीला,
हेही मीच लिहिलं होतं, मोठ्या हुशारीने.
दुसऱ्याने तोच टाकला की लाल अक्षरं:
हा क्रमांक आधीच वापरात आहे.
होताच की वापरात.

म्हटलं, थांबा काका, नियम बदलते,
संध्याकाळपर्यंत करते काहीतरी.
ते पडद्याकडे बघत राहिले,
भरती कुठवर आली ते बघावं तसे.
"नाय केलंस तर?"
तर रकाना जातो. तुमचा तेलाचा परतावाही जातो.
"आणि तेचो?"
त्यांना मिळेल. नंबर मोकळा राहतो ना.

"मगे नाय कर."

केलं.
तारा मावळला, रकाना मिटला,
खालच्या ओळी सरकून वर आल्या,
जणू तिथे कधी काही विचारलंच नव्हतं.
हिरवी खूण. अर्ज वैध.

दारात टोपी घालताना म्हणाले,
"अर्जून इलो तर सांगू नको."

तो आला अडीचच्या सुमाराला, केस ओले,
अर्ज घडी घालून खिशात.
बसला नाही. खुर्चीच्या पाठीला धरून
मी नाव टाकेपर्यंत उभा राहिला,
आणि इंजिनचा प्रश्न पडद्यावर यायच्या आतच
हळू आवाजात विचारलंन,
"मोठो येवन गेलो?"