व्यंकट सर आहेत का

दुपारी अडीचला मशीनखाली बॉबिन शोधायले,
तेवढ्यात फोन.
"व्यंकट सर आहेत का?"

अख्ख्या उदगिरात त्यांना कुणी सर म्हणलं नाही.
मोटारी बांधायचे. तांब्याच्या तारेनं बोटं चिरलेली.
गिऱ्हाईक म्हणायचं व्यंकटमामा,
उधारीवाला नुसतंच बिरादार,
मी तर, अहो, ऐकायलात का.
सर केलं ते ह्या पोरींनी,
तेही गेल्यावर.

पहिल्यांदा म्हणलं, बाहेर गेलेत.
"कधी येतील?"
सांगून नाही गेले.
ह्यात खोटं काय होतं?

मग रोजचंच झालं.
सोमवारी ते अंघोळीला बसले,
मंगळवारी देगलूरला गेले मोटार उतरवायला,
बुधवारी दाढ सुजली, बोलता येईना.
एकदा तर मी त्यांना जेवायलाच बसवलं:
धपाटं आहे हातात, तेलकट बोटांनी फोन कसा धरतील?
पोरगी हसली. म्हणली, चालेल मॅम, चारला करते.
चारला मी घड्याळाकडं बघितलं.

पाच लाख मंजूर आहेत म्हणे त्यांच्या नावावर.
होते तेव्हा पतसंस्थेनं
वीस हजाराला दोन जामीनदार मागितले.
त्यातला एक अजून चौबाऱ्यात दिसला की
चप्पल बघत चालतो.
आता कागद नको, जामीन नको,
सरांनी फक्त हो म्हणायचं.

मन्मथ सुट्टीला आला, त्यानं एका दिवसात नऊ मोजले.
"आई, काहून उचलतेस?"
नको उचलू तर काय करू लेकरा,
फॉल-पिकोच्या पाटीवर हाच नंबर,
अनोळखी नंबर म्हणजे बँक, नाहीतर ब्लाउज.
आणि नळ सोडणारा खंडू,
त्याच्या फोनात कधी पैसे नसतात,
आठ-दहा दिवसांतून एकदा कुणाच्या तरी फोनवरून
म्हणतो, वहिनी, पाणी सोडायलोय.
तो एक चुकला की पुढचे दहा दिवस कोरडे.

त्यानं एकोणीसशे नऊला मेसेज टाकला,
सात दिवस लागतील म्हणला, आणि पुण्याला गेला.
मी कॅलेंडरवर, गॅसच्या तारखेशेजारी, रेघा मारल्या.
कमी झाले. बंद नाही.

नवव्या दिवशी एक नवीनच पोरगी.
घसा बसलेला, मागं गलका, बाजार भरल्यावाणी.
"व्यंकट सरांशी बोलायचं होतं."
मी मशीनचं चाक हातानं धरलं.
म्हणलं, बाई, ते वारले.
तीन वर्षं झाली.

एवढं वाक्य मी तोवर कुणालाच म्हणलं नव्हतं.
गावात सांगायची वेळच आली नाही,
माझ्या आधी सगळ्यांना कळलेलं.
पलीकडं जरा गप्प.
मग ती म्हणली,
"ओके मॅम. आपण नॉमिनी बोलताय का?
आपल्यासाठी पण एक ऑफर आहे."

सुई बोटात जाते तेव्हा आधी काहीच होत नाही,
मग थेंब येतो.
तसं हसू आलं मला. थांबेचना.
ती बिचारी मॅम, मॅम करायली.
म्हणलं, लिही. महानंदा व्यंकट बिरादार.
ही बाई कुठं गेलेली नाही, अंघोळीला बसलेली नाही,
घरीच असते, आणि तिला काही नको.
लिहिलंस?
आता खोड. दोघांचं.
"खोडते मॅम," म्हणली. जेवलीस का, विचारणार होते,
तोवर कट.

खोडलं असावं तिनं, नाहीतर मेसेजला जाग आली.
हल्ली दुपारी नुसतं मशीन बोलतं.
चार वाजतात. वाजू देत.

काल वाजला. नवीन नंबर.
कात्री टाकून उठले,
आणि समोरचा काही बोलायच्या आधीच
तोंडातून गेलं, ते घरी नाहीत.

"त्यांचं काय काम वहिनी," खंडू म्हणला,
"बादल्या लावा. अर्धाच तास आहे."