नऊ नंबर, चाळीस अंशांवर

यूटलंडच्या टोकाला, जिथे वारा
मैदानाच्या कोपऱ्यातले झेंडे वर्षातून दोनदा फाडतो,
तिथल्या क्लबचं धुणं मी बावीस वर्षं धुते आहे.
माणूस मला आधी कपड्यांवरून कळतो.
तोंडं नंतर बघते. कधी बघतही नाही.

यांकुबा सानेह आला जानेवारीत,
गांबियातल्या गुंजूरहून,
एकोणीस वर्षांचा, हातमोज्यांवर हातमोजे घालून.
पहिले दोन महिने त्याची चड्डी धुतली ती निव्वळ रीत म्हणून:
ना बुडाला चिखल,
ना मांडीवर गवताचा हिरवा ओरखडा.
गोलपुढच्या गर्दीत तो शिरतच नव्हता.
कडेला उभा राहायचा,
अनोळखी लग्नात ताट धरून उभा असलेल्या पाहुण्यासारखा.
बॉल पायाशी आला की देऊन टाकायचा,
उसनी वस्तू परत करावी तसा, घाईने, खाली बघत.

कॉलर मात्र चघळून चघळून चिंध्या.
आठवड्याला एक शिवायची मी.

तेव्हा त्याची किंमत दीड लाख युरो होती.
ओवे म्हणाला, एवढ्यात धड जुना ट्रॉलरही येत नाही.
ओवे माझा नवरा. बंदरावरच्या लिलावात
पहाटे पाचला माशांचे भाव पुकारतो.

मार्चमध्ये एकदा यांकुबा धुण्याच्या खोलीत आला.
खेळायला नव्हे, शेकायला.
वाळवणीच्या यंत्राला पाठ लावून बसला आणि म्हणाला,
आई मासे धुरावते. सकाळी भाव सांगताना
गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघते.
दुपारपर्यंत तिची नजर खाली येते.
मग भावही.

यावर काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं.
मी म्हणाले, पुढची कॉलर फाडलीस तर शिवणार नाही.

तो हसला. दात दिसले. इतके दिवस दिसले नव्हते.

त्या रविवारी तो एका क्रॉसवर आडवा झेपावला
आणि चुकला.
बॉल खांबाला लागून बाहेर, हा तोंडावर,
तीनशे माणसं आणि दोन कुत्री हळहळली.
संध्याकाळी टोपली उपडी केली तर
नऊ नंबर काळाकुट्ट.
दोनदा धुतला तरी उजव्या कुशीवर एक डाग राहिलाच.
मी तो मुद्दाम राहू दिला, असं नाही.
पण तिसऱ्यांदा लावला नाही.

नंतर आला तो गोल नडगीला लागून गेलेला,
कुरूप, ओशाळवाणा. तरी गोलच.
मग दुसरा. मग मोजणं मी सोडलं,
मोजणारे आले होते:
करड्या कोटांतली माणसं, थर्मासमधली कॉफी, वह्या.
बारा लाख. चाळीस. नव्वद.
आता तो हात वर करून बॉल मागत होता,
ओरडून, स्वतःचं येणं वसूल करावं तसा.
लोक म्हणाले, पोरगं भाव खायला लागलं.
कॉलर ताठ. सलग अकरा आठवडे सुईला हात नाही.

ओवे म्हणाला, आमचा माल उन्हं चढली की उतरतो.
हा एकच बघितला, ठेवावा तसा चढणारा.
मग थोडं थांबून म्हणाला,
पण पुकारणारा तोच. त्याच आवाजात.

ऑगस्टमध्ये तो गेला. जर्मनीत, मोठ्या क्लबात.
एक कोटी दहा लाख.
केकवर आकडा काढला होता, एक शून्य कमी पडलं,
सगळे हसले, तोही हसला, फोटोत खांदे रुंद दिसतात.

शेवटची जर्सी मी घरी आणून धुतली.
कॉलरचं डावं टोक ओलं होतं,
दोरे निघालेले.
ताजे.

कोणाला सांगितलं नाही. ओवेलाही नाही.
टोक शिवलं, घडी घातली,
आणि त्याच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात
सुई आणि दोऱ्याचं रीळ टाकलं.
आमच्याकडे निळाच दोरा असतो.
त्या क्लबचे कपडे लाल आहेत.
लाल मी दुकानातून आणला.