पिवळी टोपी

सोहार. मे महिना, पहाटेचे चार,
आणि हवा अशी, की ओला टॉवेल तोंडावर टाकून
कुणीतरी विसरून गेलंय.
कॉम्प्रेसर बंद. सव्वासहापर्यंत आपला.

"आधी हात," पारकर म्हणतात.
हसनमियाँ पारकर, दाभोळचे, इथे एकोणीस वर्षं,
बोलणं खाडीसारखं: वर संथ, खाली ओढ.
"हात पूस. परत पूस. आता मोजे घाल.
बोटाचा एक ठसा कनेक्टरवर पडला
तर त्या ठशातून चार्ज पळतो,
आणि रेघ आपली चढत बसते
वाण्याच्या उधारीसारखी."

भोकात टॉर्च मारून मी तळ बघतो.
एक लोखंडी कीस, पापणीच्या केसाएवढा.
तो काढायला वीस मिनिटं.
तांब्याची वॉशर नवी;
जुनी एकदा दबली ती दबली.
मग सेन्सर, करवंदाएवढा,
आत क्वार्ट्झच्या चकत्या.
"भिंतीच्या रांगेत बसव. मागे राहिला
तर पुढच्या पोकळीत शीळ घुमते
आणि आपण महिनाभर शीळ मोजतो."
टॉर्क रेंच टक् म्हणतो.
मी अजून थोडं पिळायला जातो.
माझ्या मनगटावर चापट.

"केबल बांध. लोंबली की हलते,
हलली की तीही बोलते,
आणि तिचं खोटं दिसायला अगदी खऱ्यासारखं."

कनेक्टरची पिवळी टोपी ते शर्टाच्या खिशात टाकतात.

वॉकीटॉकीवर शेखा अल-मक्बाली, कंट्रोल रूममधून:
"रिसेट?"
"रिसेट."
"ऑपरेट."
सिलिंडर भरले. काट्याच्या गेजवर चाळीस बार.
माझ्या पडद्यावर शून्य.
पोटात गोळा. म्हटलं, मामू, मेला हा,
मीच मारला.

पारकर हसतात, खोकेपर्यंत.
"चाळीस आले तेव्हा ओरडला होता तो.
तू तेव्हा पाना शोधत होतास.
आता दाब तसाच उभा, चार्ज गळून गेला.
याला बदल कळतो, बाबा. नुसतं असणं कळत नाही."

थर्मासमधला सुलेमानी चहा. झाकणात मला, बाटलीत त्यांना.
मग कुणी न विचारता सांगतात,
दर पाच तारखेला पैसे जातात, एकोणीस वर्षं.
त्याबद्दल घरून एकदाही फोन आला नाही.
एका मार्चमध्ये एक्स्चेंज बंद होतं, आठ तारीख झाली,
अकरा फोन.
"धाकटीने तर विचारलं, अब्बा, तुम्ही आहात ना?"
झाकण झटकतात. वाळूवर चार थेंब.
"चल, आता याचा अर्थ काढत बसू नकोस. मशीन सुरू होतंय."

सुरू झालं.
आधी जमीन, मग गुडघे, मग दात.
आणि पडद्यावर रेघ उठली,
चढण, माथा, उतार, एका सेकंदात पाच वेळा,
माझ्या हाताने बसवलेल्या करवंदातून.
दुसऱ्या सिलिंडरच्या माथ्यावर बारीक दातरी.
शेखा म्हणाली, "व्हॉल्व्हची स्प्रिंग."
पारकर म्हणाले, "किंवा तुझी केबल."
मी जाऊन बघितलं. केबल घट्ट होती.
दुपारी व्हॉल्व्ह उघडला, स्प्रिंगचे दोन तुकडे.
त्या दिवशी मेसमध्ये मी दोनदा भात घेतला.

सप्टेंबरात ते गेले. कायमचे, दाभोळला.
शिफ्ट सुरू राहिली, गेजवर चाळीस,
सगळं जागच्या जागी, कुणी काही म्हणालं नाही.
मीही नाही. काम होतं.

मग एका रात्री नवा पोरगा, कुपवाडचा,
केबल सोडून उघडा कनेक्टर हातात धरून उभा,
"दादा, याची टोपी कुठाय?"
मी त्यांच्या लॉकरकडे गेलो.
आतल्या कप्प्यात, हाजमोल्याच्या डबीत,
पिवळ्या टोप्या.
मोजल्या. एकतीस.
एक त्याला दिली.
"आधी हात पूस," म्हटलं.
आवाज जरा वर गेला,
मग आपोआप खाली आला.